बुटकेवाडीचं सातवं घर

१

माझा धंदा पाट्या रंगवण्याचा. खामगावात निवृत्ती पेंटर कुठं राहतो हे शेंबडं पोरगंही सांगेल. माझ्या उजव्या हाताचा अंगठा जन्मापासून बाहेरच्या बाजूला वाकडा आहे. बापाचा तसाच होता, आजाचाही तसाच. शाळेत पोरं हसायची, पण ब्रश त्या वाकड्या अंगठ्यात असा बसतो की सरळ रेघ मारायला मला पट्टी लागत नाही. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या.

आणखी एक आधीच सांगून ठेवतो. भूतखेत, करणी, उतारा यातलं मी काही मानत नव्हतो. ज्योतिष्याची पाटी रंगवायची आणि त्याच्याच तोंडावर त्याला हसायचं, असा माझा स्वभाव. कोकिळा म्हणायची, "तुमच्या जिभेले हाड नाई." कोकिळा म्हणजे माझी बायको. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जिनिंग फॅक्टरीच्या मागं आमची भाड्याची पत्र्याची खोली होती. तिला उंबरठासुद्धा नव्हता, पाऊस आला की पाणी थेट चुलीपर्यंत यायचं. कोकिळेला दुसरं काही नको होतं, स्वतःचं घर पाहिजे होतं. मी म्हणायचो, होईल, होईल.

सहासष्ट सालच्या फाल्गुनात वडनेर भोलजीचे उत्तमराव माझ्याकडं आले. त्यांचा फिरता सिनेमा होता. तंबू, मशीन आणि या जत्रेतून त्या जत्रेत मुक्काम. मोठ्या सिनेमाच्या आधी ते तीन-चार मिनिटांची हलती चित्रं दाखवायचे. नाव 'बुटकेवाडी'. पिंपळगाव राजाचे ड्रॉइंग मास्तर वामनराव यांनी ती एकट्यानं बनवली होती. एकेक चित्र हातानं काढायचं, एकेकाचा फोटो घ्यायचा, रीळ धुवायला मुंबईला धाडायचं. असे अकरा भाग झाले होते. सात बुटकी घरं, मधे विहीर, चपट्या डोक्याचा पाटील, उलटी चालणारी कोंबडी. पोरं नुसती वेडी झाली होती.

प्रत्येक भाग एकाच तऱ्हेनं संपायचा. तिन्हीसांज होते. सातव्या घराच्या उंबरठ्यावर दिवा असतो. दार फटभर उघडतं, एका बाईचा हात बाहेर येतो, दिवा उचलून आत नेतो. दार बंद, पडदा काळा. त्या वेळी अख्ख्या तंबूत चिडीचूप व्हायचं.

"पेंटर," उत्तमराव म्हणाले, "चैताच्या जत्रेत मले बुटकेवाडी उभी करून पाह्यजे. मानूस तिकीट काढून आत शिरला की त्याले वाटलं पाह्यजे, आपन पडद्यातच घुसलो."

"पडद्यातली वाडी काळीपांढरी हाये, उत्तमराव."

"तं मंग काळीपांढरीच बनवा."

झालं, मी पाघळलो. पाट्या रंगवणाऱ्याला अख्खं गाव रंगवायला कोण देतं?

कोकिळा भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "लोकाईसाठी सात घरं बांधा. आपल्यासाठी एक बी नाई."

२

वामनराव मास्तर आदल्या श्रावणात वारले होते. त्यांची चित्रं पाहायला मी पिंपळगाव राजाला गेलो. त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, पलंगाखालून एक पत्र्याची ट्रंक ओढून दिली.

काय काम होतं त्या माणसाचं! प्रत्येक घराची चार-चार चित्रं. समोरून, मागून, बाजूनं, आतून. पाटलाच्या घरात फडताळात किती बरण्या आहेत, तेही काढलेलं. मी मोजमापं उतरवून घेत होतो. दोन तास गेल्यावर लक्षात आलं की सातव्या घराचं फक्त पुढचं चित्र आहे. आतलं नाही, बाजूचंही नाही.

"काकू, सातव्याचा एखादा कागद राह्यला का कुठं?"

"नाई. सातवं त्याईनं आतून कधी काढलंच नाई."

"काऊन?"

वच्छलाबाई पदराला हात पुसत राहिल्या. "मी बी इचारलं होतं. म्हने, मले अजून आत बलावलं नाई."

मी हसलो. कलावंत माणसं अशीच बोलतात. मी स्वतः दोन पेले मारले की याहून भारी बोलतो.

निघताना एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. मास्तरांनी दिवा नेणारा तो एकच हात हजारदा वेगवेगळ्या कागदांवर काढलेला. त्यामुळं पडद्यावर त्याची रेघ कधी स्थिर नसायची. हात हलत नसला तरी कडेची काळी रेघ थरथरायची. ट्रंकेतले ते कागद मी भराभरा अंगठ्याखालून सोडले आणि हात जिवंत झाला. मला तेव्हा फार आवडलं ते.

३

जागा उत्तमरावांच्याच वावरात होती, वडनेरच्या सडकेला लागून. कापूस निघून गेला होता, पराटीची धसकटं तेवढी उभी होती. सुतारकामाला वरवट बकालचे मेहबूबभाई आले. कोकिळेला मी मुद्दाम सोबत नेलं. गोणपाट शिवायला, चुन्यात खळ कालवायला, आणि खरं सांगायचं तर तिच्याशिवाय मला जेवण जात नाही.

मी जीव ओतला हो त्या कामात. दारं चार फुटांची ठेवली, म्हणजे मोठा माणूस वाकून आत जाईल आणि वाकला की त्याला आपण बुटके झाल्यासारखं वाटेल. प्रत्येक वस्तूच्या कडेनं दोन बोटं जाडीची काळी रेघ मारली. भिंतीला, रांजणाला, विहिरीच्या दोरालासुद्धा. जमिनीवर चुना पसरला आणि त्यावर काजळीनं सावल्या रंगवल्या, सगळ्या एकाच बाजूला पडलेल्या. खरा सूर्य कुठंही असो, बुटकेवाडीत कायम संध्याकाळच. आठव्या दिवशी मी वेशीतून आत आलो आणि माझ्याच अंगावर काटा आला.

सहा घरं पुरती बांधली. सातव्याचा आतला नकाशाच नव्हता, म्हणून नुसती पुढची भिंत केली. बांबू, गोणपाट, चुना. मागून टेके दिले. दार उघडलं की पलीकडं उघडं वावर आणि लांब एक बाभूळ. लोकांनी आत जायचंच नव्हतं. बाहेर विहिरीपाशी उभं राहायचं, दिवा जाताना पाहायचा आणि घरी जायचं. तो हात कोकिळेचा असणार होता. भिंतीमागं तेलाच्या रिकाम्या डब्यावर तिनं बसायचं, मी शिट्टी वाजवली की हात बाहेर काढायचा.

भांडण झालं ते उंबरठ्यावरून. मेहबूबभाईंनी सातही दारांना तीनच लाकडं बसवली होती. दोन उभी, एक वर. खाली काही नाही.

"मेहबूबभाई, सातव्याले उंबरठा पाह्यजे. दिवा कशावर ठेवनार?"

"पाटावर ठेवा, निवृत्तीभाऊ. उंबरठा नको. आमच्या वालिदनं शिकवलं, खेळातल्या घराले तीन लाकडं. चौथं ठोकलं की ते खेळातलं राह्यत नाई."

"चित्रात उंबरठा हाये. लोकं तिकीट काढून येतात, पाट पाह्याले नाई."

"मंग तुमी ठोका. मी ठोकनार नाई."

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! नांदुऱ्याला जुन्या लाकडाच्या बाजारात कुणाच्या तरी पाडलेल्या घराचा सागवानी उंबरठा मिळाला, मधोमध पावलांनी झिजलेला. मीच चार खिळे ठोकले. मेहबूबभाई विहिरीकडं तोंड करून बिडी ओढत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर त्या उंबरठ्यावर हळदीकुंकवाची बोटं. समोर रांगोळीचं स्वस्तिक. अख्ख्या काळ्यापांढऱ्या वाडीत तेवढाच पिवळा आणि लाल.

"कोकिळा, चित्र बिघडवलं ना माझं!"

"अहो, लाकडाचा उंबरठा हाये. न पुजता ओलांडू कशी?" ती म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की मी तो पिवळा-लाल तसाच राहू दिला.

४

तालीम दुपारी तीनला केली. सातव्याचं तोंड पूर्वेला, म्हणजे भिंतीमागं पश्चिमेचं ऊन थेट कोकिळेच्या डोक्यावर. चैतातलं ऊन, चप्पल काढली तर पाय भाजतो. मी विहिरीपाशी उभा राहून शिट्टी मारली. दार फटभर उघडलं, हिरव्या बांगड्यांचा हात आला, दिवा गेला. अगदी मास्तरांच्या चित्रासारखं. पाच वेळा करून घेतलं.

मग पाण्याची कळशी घेऊन भिंतीला वळसा घालून मागं गेलो. ती डब्यावर बसली होती.

"ऊन लागलं असन ना?"

"ऊन कायचं? आत मस्त गार हाये."

मी हसलो. आत म्हणजे कुठं, बाई? वर आभाळ, खाली धसकटं. पण कळशी घेताना तिची बोटं माझ्या हाताला लागली आणि ती गार होती, रांजणात हात घातल्यासारखी. तिच्या हाताच्या तळव्यांना ओलं शेण लागलेलं दिसलं, ताज्या सारवणाचं. त्या वावरात ना गाय ना म्हैस. म्हटलं, रस्त्यात कुठं तरी हात भरला असेल.

५

जत्रा नऊ दिवस चालली. गर्दी अशी की उत्तमरावांना दोरखंड बांधावे लागले. बायका विहिरीत वाकून पाहायच्या, म्हातारे पाटलाच्या घराला रामराम घालायचे. आणि तिन्हीसांजेला सगळे सातव्यासमोर गोळा व्हायचे. हात यायचा, दिवा जायचा. टाळ्यांऐवजी सगळ्यांचा एकदम सुस्कारा ऐकू यायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सातव्याच्या पुढच्या भिंतीची रेघ दुरुस्त करत होतो. पलीकडं कोकिळा काहीतरी गुणगुणत होती. माझा ब्रश थांबला. उघड्यावरचा आवाज आणि खोलीतला आवाज यातला फरक कुणालाही कळतो. तिचा आवाज चार भिंतींना लागून येत होता. मग भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज. मग जातं फिरल्यासारखी घरघर.

मी वळसा घालून गेलो. कोकिळा डब्यावर, हात मांडीवर, पुढं रिकामं वावर.

"काय दळून राह्यली वं?"

"कुठं काय?" ती हसली.

मी मनाशी म्हटलं, गोणपाट ताणलेलं आहे, चुन्यानं कडक झालंय, ढोलकीसारखं घुमत असेल. तरी खात्री करायची म्हणून पुन्हा पुढं आलो, एक खडा उचलला आणि भिंतीवरून पलीकडं भिरकावला. तो मऊ मातीत पडायला पाहिजे होता. मला तो छपराच्या कवेलूंवर पडल्याचा आवाज आला, आणि मग एका कवेलूवरून दुसऱ्यावर खडखडत खाली घरंगळत गेल्याचा.

मागं जाऊन पाहिलं, खडा मातीत पडला होता. मी तो खिशात टाकला.

त्यानंतर ती सामान नेऊ लागली. मुक्कामासाठी वावरात ठोकलेल्या आमच्या राहुटीतलं सूप गेलं, मग तांब्या, मग माझा रंगानं माखलेला जुना सदरा दिसेना. सातव्यामागं जाऊन पाहावं तर डब्याशिवाय काही नाही.

"तांब्या कुठं ठेवला, कोकिळा?"

"आत हाये."

"आत कुठं?" मी ओरडलोच. "मी रोज मांगं येऊन पाहून राह्यलो!"

"तुमी मांगूनच येता," ती शांतपणे म्हणाली. "समोरून कधी आलेच नाई. मंग तुमाले कसं दिसन?"

भीती म्हणतात ती मला तेव्हा पहिल्यांदा कळली. मी म्हटलं, उद्यापासून तू बसू नको, दुसरी बाई पाहू. तर तिचे डोळे भरून आले. आठ वर्षांत एका घराशिवाय तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. म्हणाली, "जत्रा होऊ द्या. तवापर्यंत तरी राहू द्या मले."

आणि मग पदर तोंडाला लावून, लाजून म्हणाली, "एक गोष्ट सांगायची हाये तुमाले."

"सांग ना."

"इथं नाई. आपल्या घरात सांगीन."

"खामगावले?"

"ते कायचं घर? इथं. एक डाव समोरून आत या, मंग सांगीन."

मी म्हणालो, "होईल, होईल." माझ्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता कधी.

६

शेवटचा दिवस. मी ठरवलं होतं, दिवा गेला की कोकिळेला घ्यायचं आणि शेवटच्या मोटारीनं खामगाव गाठायचं. मेहबूबभाई वेशीपाशी अवजारं बांधत होते.

मी शिट्टी मारली. दार उघडलं. हात आला.

उजेड अजून होता. उंबरठ्यावरचं कुंकू मला लाल दिसत होतं, हळद पिवळी दिसत होती. पण बांगड्या हिरव्या नव्हत्या. राखाडी होत्या. हातही राखाडी होता, आणि मनगटाच्या कडेनं एक काळी रेघ होती. मी मारलेली नव्हे. माझी रेघ स्थिर असते. ही थरथरत होती.

दिवा आत गेला. लोकांनी सुस्कारा सोडला आणि पांगले. दार मात्र या वेळी बंद झालं नाही. फटभर उघडंच राहिलं. मी त्याच्यासमोर उभा होतो, चार पावलांवर.

"गेले का सारे लोकं?" आतून कोकिळेचा आवाज आला. अगदी रोजचा, भाकरी थापताना येतो तसा.

"गेले."

"मंग या ना आत. काऊन भाईर उभे?"

मी वाकलो. फटीतून वावर दिसायला पाहिजे होतं, बाभूळ दिसायला पाहिजे होती. मला दिव्याच्या उजेडात सारवलेली जमीन दिसली. भाकरीचा वास आला. समोर भिंत होती, भिंतीला खुंटी होती, आणि खुंटीवर माझा सदरा टांगला होता. त्यावरचे रंगाचे डाग सगळे राखाडी होते. भिंतीची कड हलत होती, जरा जरा.

एक पाऊल टाकायचं होतं. पण माझं शहाणपण आडवं आलं. मी स्वतः बांबू पुरले होते, स्वतः गोणपाट ताणलं होतं. या दारामागं काही नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? बारा पावलं वळसा घातला की माझी बायको डब्यावर बसलेली सापडणार.

"थांब," मी म्हणालो. "मी मांगून येतो."

आत भाकरीवर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली.

मी पळत वळसा घातला. डबा होता. डब्यापाशी तिच्या चपला होत्या, नीट जोडून ठेवलेल्या. पुढं रिकामं वावर, एवढं सपाट की कोंबडी पळाली तरी दिसावी. उलट फिरून धावत पुढं आलो तर दार लागलं होतं. लाथ मारून उघडलं. पलीकडं धसकटं, बाभूळ आणि तिच्या चपला.

माझी आरोळी ऐकून मेहबूबभाई धावत आले. त्यांनी मला धरलं नसतं तर मी ती भिंत दातांनी फाडली असती.

७

लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं. विहिरी उपसल्या, तिच्या भावाकडं माणूस धाडला, माझ्याकडं संशयानं पाहिलं. मेहबूबभाईंनी सहा घरं उतरवली. सातव्याला त्यांनी लांबूनच सलाम केला, पटाशीसुद्धा लावली नाही. उत्तमराव भला माणूस, त्यांनी वावराचा तेवढा कोपरा पेरायचा सोडून दिला.

आता सात वर्षं झाली. गोणपाट पहिल्याच पावसाळ्यात गेलं, बांबू वाळवीनं खाल्ले. चार लाकडांची चौकट आणि दार तेवढं उभं आहे. दर बाजाराच्या दिवशी मी मोटारीनं वडनेरला उतरतो, तिन्हीसांजेला उंबरठ्यावर हळदकुंकू वाहतो, दिवा लावतो आणि समोर उभा राहतो. दार फटभर उघडतं. हात येतो. दिवा जातो.

त्या हाताकडं पाहण्यासाठी मी आठवडा काढतो. मधल्या वर्षांत तो जरा खरबरीत झाला, नखं झिजली. म्हणजे ती आत नांदते आहे. दळते, सारवते. मी हाक मारतो, ती ओ देत नाही. मी दार ढकललं तर पलीकडं वावरच असतं. आत जायला मिळतं ते तिनं उघडलं तेवढ्याच वेळात, आणि तेवढ्या वेळात माझं पाऊल उचलत नाही. लाज वाटते सांगायला, पण भितो मी.

या चैतात, गेल्या बाजारी, दिवा लावून उभा होतो. दार उघडलं. नेहमीपेक्षा खालून, उंबरठ्याला लागून एक हात आला. लहान. राखाडी. कडेची रेघ थरथरत होती. दिवा त्याला जड होत होता म्हणून त्यानं बोटं पसरून नीट धरला, आणि मला अंगठा दिसला. बाहेरच्या बाजूला वाकडा.

मी गुडघ्यावर बसलो.

दिवा आत गेला. लेकराचा आवाज आला, "आई, भाईर कोन हाये वं?"

"तुहे बाबा हायेत," कोकिळा म्हणाली. सात वर्षांनी ऐकला मी तिचा आवाज. त्यात राग नव्हता. "ते मांगून येऊन राह्यले."

आणि दार लागलं.